जुन्याच्या जागी नवं

घरमालकीणबाईंनी किल्ली पुढे केली, पण लगेच सोडली नाही. एक टोक त्यांच्या चिमटीत, एक बारकीच्या.

"सामानाचा विमा काढलात ना?" त्यांनी विचारलं. "त्याशिवाय मी कुणाला राहू देत नाही. मागे फार ताप झालाय डोक्याला."

बारकीने आईकडे बघितलं, आईने बारकीकडे. दोघींच्या मधे जमिनीवर जे होतं त्याला सामान म्हणायचं तर म्हणावं. एक पत्र्याची ट्रंक, दोरीने आवळलेली गादी, दोन पिशव्या, त्यातल्या एकीतून तोंड बाहेर काढलेली निळी किटली, आणि बारकीच्या हातावर बाबांचा जुना कोट.

"अहो, विमा कसला काढताय ह्याचा?" आई म्हणाली. "हे चोराने बघितलं, तर तोच बिचारा काहीतरी ठेवून जाईल."

घरमालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मागे दारात एक तुकतुकीत चेहऱ्याचा तरुण उभा होता. तो मात्र हसला, जरा उशिरा, कुणीतरी हस म्हणून सांगितल्यासारखा. आईला गप्प बसवेना. ती म्हणाली, "मुलगा हाताशी आहे तुमच्या, बरंय हो."

"मुलगा नाही," घरमालकीणबाई म्हणाल्या. "हे आमचे हे."

आईने जीभ चावली. जिन्यावर पहिलं वळण घेईपर्यंत कशीबशी दम धरून होती, मग बारकीच्या कानाला लागली. "अगं, बाई सत्तरीची असेल, आणि नवरा बघितलास? मिसरूड तरी फुटलंय का नीट?"

"आई, हळू."

"मी काय वाईट बोलले? नशीब काढलं बाईने!"

आणि हसता हसता तिला खोकला आला. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. प्रत्येक वळणावर आई थांबायची आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणायची, "हवा छान आहे गं इथली." हवेत बघण्यासारखं काही नव्हतं. समोर एका दुकानाची मागची भिंत होती. बारकीला सगळं कळत होतं, पण आई नाटक करत असली की ते चालू द्यायचं असा त्यांच्या घरातला रिवाज होता. बाबा गेल्यापासून तिच्या पोटात एकच भीती घर करून होती, की आईलाही काही होईल. ती कुणाला सांगितलेली नव्हती. अभ्यासात डोकं घातलं की तेवढा वेळ विसरायची, इतकंच.

बारकी हे घरातलं नाव. उंचीने ती आईपेक्षा वीतभर जास्त होती, तरी नाव काही वाढलं नाही. संख्याशास्त्र शिकायला ती ह्या शहरात आली होती. घरातलं पहिलंच माणूस इतकं शिकणारं. आई रफूचं काम करायची. लोकांचे कोट, शाली, कसर लागलेले स्वेटर तिच्याकडे यायचे आणि ती धाग्यात धागा गुंफून भोक बुजवायची. सुईने तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक इतकं निबर झालं होतं, की ते टेबलावर आपटलं तर टकटक वाजायचं. नजर अधू झाल्यापासून सुई मात्र ओवता येत नसे. मग घरभर हाक जायची, "बारके, सुई ओवून दे गं!" बारकी जेवत असो, न्हात असो, तिला यावंच लागायचं.

आणि एवढी रफू करणारी बाई, तिच्या स्वतःच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली. शेजारणी म्हणायच्या, दिव्याखाली अंधार. बारकी मांडीवरची होती तेव्हा तिने कानातलं धरून जे ओढलं, ते पाळी चिरूनच हातात आलं. आईने नंतर जरा वर दुसरं भोक पाडून घेतलं, पण ती चीर काही सांधून घेतली नाही. लहानपणी बारकी त्या चिरेत बोट घालून विचारायची, "फार दुखलं का गं?" आई म्हणायची, "दुखलं की! पण तू इतकी खिदळत होतीस, की रडता रडता मलाही हसू आलं."

विमेवाला त्याच दुपारी आला. घरमालकीणबाईंनीच पाठवला होता. सगळ्या इमारतीचं तोच बघतो म्हणाल्या. मध्यम वयाचा, मध्यम उंचीचा, पुन्हा दिसला तर ओळखू येणार नाही असा माणूस. बारकीच्या लक्षात राहिले ते त्याचे बूट. तीन मजले चढून आला होता, पण बुटांवर कुठे घडी म्हणून पडलेली नव्हती.

"दोन प्रकार आहेत, ताई," तो म्हणाला. बसा म्हटलं तरी बसला नाही. "एक, झीज वजा. वस्तू गेली, तर जाताना ती जेवढी उरली होती तेवढीच तिची किंमत. म्हणजे तुमच्या बाबतीत," त्याने खोलीभर नजर टाकली, "राग मानू नका, पण जवळजवळ काहीच नाही. दुसरा, जुन्याच्या जागी नवं. वस्तू कितीही झिजलेली असो, गेली की तीच, पण कोरी करकरीत."

"दुसऱ्याचा हप्ता जास्त असेल."

"सारखाच आहे."

बारकी तीन पुस्तकं वाचून आली होती. ती म्हणाली, "सारखा कसा असेल? गणितात बसत नाही. तुम्ही बुडाल."

"नाही बुडत. भरपाई दिली की जुनी वस्तू आमची होते ना. मोडलेली असो, हरवलेली असो. तिच्यावर मग तुमचा हक्क नाही."

"आणि मोडक्या वस्तूंचं काय करता तुम्ही?"

"ठेवतो," तो म्हणाला.

ट्रंकेवर बसलेल्या आईने तोंड उघडलं. "जुनं ते सोनं म्हणतात, साहेब."

"सोन्याचा विमा वेगळा काढावा लागतो, बाई."

त्याने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की आईला हसू आवरेना, आणि मग खोकला आवरेना. बारकीने तिला पाणी दिलं. आता तुम्हीच सांगा, सारख्या हप्त्यात कोण झीज वजा घेईल? तिने दुसरा प्रकार सांगितला. मनातल्या मनात ती विमेवाल्याच्या कंपनीला वेड्यात काढत होती.

त्याने कागद काढला नाही, पेन काढलं नाही. खोलीच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून तो एकेका वस्तूवर हात ठेवत चालला. "हे तुमचं?" बारकीने हो म्हणायचं, की पुढची वस्तू. गादी. हो. छत्री. हो. खुंटीवरचा कोट. हो, बाबांचा होता, आता माझा. तिने विचारलं, "लिहून नाही घेत?" तो म्हणाला, "लक्षात राहतं."

ट्रंकेपाशी तो थांबला, कारण ट्रंकेवर आई होती.

"मलाही धरा हो त्यात," आई पाय हलवत म्हणाली. "मीही जुनीच आहे. झिजले किती बघा!"

विमेवाल्याने तिच्याकडे बघितलं. कोटाकडे बघितलं होतं तितकंच, कमी नाही की जास्त नाही. मग बारकीकडे वळला.

"ह्या तुमच्या?"

बारकीच्या हातात किटली होती आणि ती हसत होती. "माझ्याच. दुसऱ्या कुणाच्या असणार?"

त्याने आईच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, मान डोलावली, आणि किटलीकडे वळला.

तो गेल्यावर आई खांदा चोळत म्हणाली, "हात किती गार गं मेल्याचा!" दुसऱ्या दिवशी ती गावी परत गेली. जाताना कोटाचं कोपर उजेडात धरून बघितलं. "विरलंय पुन्हा. सुट्टीत घेऊन ये, करून देते. टाकू नकोस हं. फाटलं म्हणून टाकायचं नसतं."

पहिली गेली ती किटली. ही किटली म्हणजे घरातलं एक माणूसच. तिच्या तोटीला कधीचा पोचा पडलेला होता, त्यामुळे पाणी उकळलं की तिची शिट्टी मधेच तुटायची आणि पुन्हा लागायची. किटलीला उचकी लागली, असं सगळे म्हणायचे. एका दुपारी बारकी तिला गॅसवर ठेवून पुस्तकात बुडाली आणि तळ जळून गेला. हळहळत तिने ती कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आली, तर गॅसवर किटली. तोच निळा रंग, तीच मूठ. पोचा नाही. तिने पाणी ठेवून बघितलं. शिट्टी एकसंध वाजली. कचऱ्याच्या डब्यात जुनी किटली नव्हती.

ती तडक खाली गेली. घरमालकीणबाई दारातच होत्या, आणि त्यांचे ते आत खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून.

"आली का किटली? बरं झालं," बाई म्हणाल्या. "त्यांचं काम चोख असतं."

"पण मी कळवलंच नव्हतं त्यांना!"

"कळवावं लागत नाही."

बारकी हिशेबी मुलगी. म्हणजे कुणीतरी खोलीत येतं, एवढाच अर्थ तिने काढला आणि दाराला स्वतःचं दुसरं कुलूप लावलं. त्याची किल्ली ती गळ्यात घालून फिरायची. नंतर छत्रीची काडी मोडली, आणि सकाळी छत्री धड होती. तिने ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? माझी मोडकी छत्री चोरून कुणी नवी ठेवतंय म्हणून? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

मग कोट हरवला.

वाचनालयातल्या खुंटीला अडकवला होता, परत आली तर नव्हता. तिने प्रत्येक टेबलाखाली बघितलं, पहारेकऱ्याला विचारलं, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या पाठी न्याहाळल्या. त्या कोटाच्या कॉलरला अजून बाबांचा वास होता, यंत्राच्या तेलाचा आणि त्यांच्या घामाचा. उरलं होतं ते तेवढंच. घरी जाताना ती भर रस्त्यात रडली आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

दोन्ही कुलुपं उघडून आत गेली. कोट खुंटीवर होता.

क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने हात लावला. कापड तेच, शिलाई तीच, बटणं तीच. कोपर घट्ट आणि अख्खं. आईची रफू नाही, कारण रफू करायला तिथे कधी भोकच पडलं नव्हतं. बाबांच्या कोटाचे खिसे त्यांच्या हातांनी ओघळले होते. ह्याचे खिसे कच्च्या टाक्यांनी शिवून बंद केलेले होते, दुकानातल्या नव्या कोटाचे असतात तसे. तिने ब्लेडने टाके उसवले, आत बोटं घातली. शिवणीत धूळ सुद्धा नव्हती. कॉलरला दुकानाचा वास येत होता. हा कोट बाबांनी कधी अंगातच घातलेला नव्हता.

घरमालकीणबाईंकडून नंबर घेऊन तिने विमेवाल्याला फोन लावला.

"माझा कोट परत द्या."

"मिळाला नाही का, ताई?"

"हा नको. माझा जुना."

"जुना आमचा झाला. तुम्हीच निवडलंत ना, जुन्याच्या जागी नवं?"

"चूक झाली. बदलायचंय मला."

"पुढच्या वर्षी बदलता येईल," तो सौम्यपणे म्हणाला. त्याच्या मागे कुठेतरी पाणी उकळत होतं. शिट्टी सुरू झाली, मधेच तुटली, पुन्हा लागली. बारकीने फोन कानापासून दूर धरला. उचकी लागलेल्या किटल्या जगात किती असतील, ह्याची शक्यता काढायचा तिने प्रयत्न केला. जमलं नाही.

त्या आठवड्यात ती आईशी रोज बोलली. आवाज खोल गेलेला, दर चार शब्दांनी खोकला. "काही नाही गं, हवा बदललीय." कोट हरवल्याचं तिने सांगितलं नाही. एकदा आई म्हणाली, "परवा सुई ओवायला कुणी नव्हतं. शेवटी समोरच्या मुलीला हाक मारली. तिला तुझ्यासारखं नाही जमत." बारकीने हो हो केलं आणि फोन ठेवला.

मग दादाचा फोन आला. बारकीचा हा थोरला भाऊ, साधा, रडणं ठाऊक नसलेला. तो रडत होता. "आईला हॉस्पिटलात हलवलंय. फुप्फुसात पाणी झालंय. डॉक्टर काही धड बोलत नाहीत. तू ये."

तिने हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं. बाहेर गारठा होता म्हणून नवा कोटच अंगात चढवला. बाही सरळ करताना तिचा हात मधेच थांबला.

ह्या तुमच्या?

माझ्याच. दुसऱ्या कुणाच्या असणार?

ती ट्रंकेवर बसून राहिली. तिच्या डोक्यातलं सगळं शास्त्र तिला सांगत होतं, की मूर्खासारखी वागू नकोस. आणि समोर गॅसवर ती किटली होती, पोचा नसलेली.

जिन्याच्या तळाशी घरमालकीणबाई उभ्या होत्या. पिशवी आणि चेहरा बघून त्यांनी एवढंच विचारलं, "कोण?"

"आई."

बाईंनी वळून आत बघितलं. त्यांचे ते खुर्चीवर बसलेले होते आणि हसत होते. बाई जवळ आल्या, बारकीचं मनगट धरलं. म्हाताऱ्या बोटांत इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"नको म्हण," त्या पुटपुटल्या. "वेळ आहे तोवर फोन कर आणि नको म्हण. मला नाही म्हणवलं. नावं ठाऊक असतात गं त्यांना, सगळ्यांची नावं ठाऊक असतात. पण त्यांच्या बाबतीत काही घडलेलंच नसतं. चाळीस वर्षांचा संसार मी एकटीच आठवत बसते."

बसच्या दाराच्या कडीत अडकून कोटाचं कोपर टर्रकन फाटलं. बारकीने तिकडे बघितलंही नाही. खिडकीपाशी बसून तिने फोन लावला.

"रद्द करायचंय."

"काय, ताई?"

"आई. आईला त्यातून काढा."

"काढतो की," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं."

इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. "मग ती बरी होईल ना?"

"ते आमच्याकडे नसतं. वस्तू राहील की जाईल, त्यात आम्ही हात घालत नाही. आम्ही फक्त गेल्यानंतरचं बघतो."

"म्हणजे काढली, तर..."

"तर झीज वजा. मागे काय उरतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

बाहेर शेतं पळत होती, पत्र्याची गोदामं, पुन्हा शेतं. शेजारच्या सीटवर एक आई आपल्या पोराचं नाक पुसत होती. बारकीला घरमालकीणबाईंची बोटं अजून मनगटावर जाणवत होती. तिला ठाऊक होतं काय म्हणायचं. तिने तोंड उघडलं.

आई नसलेलं घर डोळ्यांपुढे उभं राहिलं. ट्रंक, सुयांचा डबा, खिडकीपाशी रिकामी खुर्ची. आणि कुणाच्याच हाका नाहीत.

"ताई? काढू?"

"राहू दे," बारकी म्हणाली.

हॉस्पिटलात जावं लागलंच नाही. वाटेतच दादाचा निरोप आला, सरळ घरी ये. घराच्या दारात तो उभा होता. डोळे सुजलेले, आणि तोंडभर हसू.

"अगं, सकाळी डॉक्टर म्हणाले होते, मनाची तयारी ठेवा! मी खाली औषध आणायला गेलो, वर येतो तर पलंगावर उठून बसलेली! खोकला नाही, काही नाही. म्हणाली, घरी जाऊ या. डॉक्टरांनी तर कपाळाला हात लावला." त्याने बारकीला जवळ ओढलं. "वाचली गं. आपली आई वाचली."

आई खिडकीपाशी खुर्चीवर बसली होती. डोक्याला हॉस्पिटलातला रुमाल गच्च बांधलेला. चेहरा तुकतुकीत.

"बारकी आली," ती म्हणाली आणि हसली. जरा उशिरा.

"सुरकुत्या गेल्यात बघ," दादा म्हणाला. "अंगावर सूज आहे थोडी, म्हणून. उतरेल म्हणाले."

बारकीने तिचा उजवा हात हातात घेतला. पहिलं बोट चाचपलं. मऊ, लहान मुलासारखं. तिला ओरडावंसं वाटलं, पण दादा इतका आनंदात होता की ती ओरडली नाही.

तिने कोट काढला. उगीचच, शेवटची आशा म्हणून, फाटकं कोपर आईपुढे धरलं आणि सुयांचा डबा उघडून ठेवला. "आई, कोट फाटला. सुई ओवून देऊ?"

"कशाला? दिसतंय की मला." चष्मा नव्हता. दोरा एका फटक्यात सुईतून गेला.

मग ती सुई तशीच हवेत धरून राहिली. फाटक्या कोपराकडे बघितलं, बारकीकडे बघितलं.

"आता ह्याचं काय करतात?" तिने विचारलं.

"औषधांनी होतं असं," दादा घाईने म्हणाला. "आठवेल हळूहळू."

बारकी बाहेर जिन्यावर आली. फोन एकाच घंटेत उचलला गेला.

"ताई."

"माझी आई कुठाय?"

"पोचली ना तुम्हाला?"

"माझी आई. जुनी. कुठे ठेवलीय तुम्ही?"

त्याच्या मागे मोठी जागा असावी, आवाज घुमत होता. किटलीला उचकी लागली होती. आणि त्या आवाजाच्या आड कुणीतरी खोकत होतं. तो खोकला बारकीने हजारांतून ओळखला असता.

खोकला थांबला. मग, दुरून, "सुई ओवून द्या हो कुणीतरी. मला दिसत नाही."

"आई!" बारकी किंचाळली. "आई, मी इथे आहे!"

"बारके?" तिकडून आवाज आला. "बारके, कुठेयस गं?"

"जुन्यावर आता हक्क नाही, ताई," विमेवाला सौम्यपणे म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तिने पुन्हा लावला. पुन्हा पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

दादा हाक मारत होता. ती आत गेली.

आई डोक्याचा रुमाल सोडून भिंतीवरच्या आरशासमोर उभी होती. हॉस्पिटलात काढून ठेवलेली कानातली दादाने तिच्या हातात दिली होती. त्यातलं एक तिने डाव्या पाळीला टेकवलं, जरा वर सरकवलं, खाली आणलं. बसेना. मग उजव्या कानाला लावून बघितलं.

दोन्ही पाळ्या सारख्या होत्या. चीर नव्हती, आणि भोकंही नव्हती.

आरशातून तिने बारकीकडे बघितलं. तिला थोडी भीती वाटत होती, पहिल्यांदाच कान टोचायला बसवलेल्या मुलीला वाटते तशी.

"बारके," तिने विचारलं, "फार दुखतं का गं?"